निवडणं वेगळं, पुसणं वेगळं

मंगलाष्टकं संपली. शेवटचं 'सावधान' झालं, गुरुजींनी अंतरपाट खाली घेतला आणि मांडवभर अक्षता उडाल्या. माझं बोट शटरवर दाबलेलंच होतं. दोन सेकंदांत कॅमेऱ्याने १९ फ्रेम टिपल्या. त्यांतल्या एकीत मुलीची नजर खाली झुकली आहे, पापण्या जवळजवळ मिटल्या आहेत, मुंडावळीची सर गालावर आली आहे. तांदळाचे तीन-चार दाणे चेहऱ्यासमोर हवेत आहेत आणि मागे उभ्या असलेल्या मामाचा हात स्वतःच्या डोळ्यांकडे निघाला आहे.

साताऱ्याजवळच्या त्या लग्नाच्या दोन दिवसांत ४,३०० फोटो झाले होते. ते सगळे आम्ही पहिल्यांदाच कलिंगच्या सॉफ्टवेअरला दिले. कलिंग म्हणजे चांगले फोटो ठेवून बाकीचे बाजूला काढणं. रात्रभरात त्याने ९०० फोटो निवडून दिले. अंतरपाटाच्या १९ मधले त्याने दोन ठेवले होते. दोन्ही अंतरपाट खाली येण्याआधीचे. दोन्हींत मुलगी समोर पाहते आहे, चेहरा स्वच्छ आहे, प्रकाश सारखा आहे. वर सांगितलेली फ्रेम त्याने नाकारली होती आणि कारणं चोख नोंदवली होती: डोळे मिटलेले, चेहऱ्यासमोर अडथळा, फोकस कमी.

निवडलेले फोटो बघितल्यावर मुलीच्या आईचा फोन आला. "दादा, अंतरपाट धरलेला फोटो आहे, हार घातलेला आहे. मधला कुठे गेला?"

मधला सापडला. अल्बम घरी पोचेपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही, हा आमच्या स्टुडिओचा जुना नियम होता, म्हणून सापडला. त्या दिवसापासून एक विचार माझी पाठ सोडत नाही. आईने विचारलं, कारण ती तिथे उभी होती आणि काय घडलं ते तिला आठवत होतं. जे कुणालाच आठवत नाही, ते गेलं तर विचारणार कोण?

लोक या सॉफ्टवेअरकडे का वळतात, हे आधी मान्य करायला हवं. फिल्मच्या रोलमध्ये ३६ फ्रेम असत. प्रत्येक फ्रेमला पैसे पडत, त्यामुळे निवड बटण दाबण्याआधीच होत असे. १९७५ मध्ये कोडॅकचे अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला, तेव्हा जेमतेम १०,००० पिक्सेलचं एक चित्र कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागत. २०२३ मध्ये जाहीर झालेला सोनीचा ए९ थ्री हा कॅमेरा सेकंदाला १२० फ्रेम घेतो. म्हणजे फिल्मचा अख्खा रोल एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शात संपेल. आमच्या त्या लग्नाच्या प्रत्येक फ्रेमला नुसते तीन सेकंद द्यायचे म्हटले, तरी साडेतीन तास पुरत नाहीत. लग्नसराईत एकाच आठवड्यात अशी तीन लग्नं असतात. रात्री दोन वाजता तांबारलेल्या डोळ्यांनी निवडणारा माणूसही चुकतो. त्यामुळे यंत्राची मदत घेणं हा आळस नव्हे. ती गरज आहे.

मात्र मदत कुठपर्यंत घ्यायची हे ठरवण्यासाठी यंत्र नेमकं काय पाहतं, ते समजून घ्यायला हवं.

फोटो स्पष्ट आहे की नाही हे ठरवताना ते शेजारशेजारच्या पिक्सेलमध्ये उजेडाचा फरक किती तीव्र आहे, ते मोजतं. फरक जितका तीव्र, तितका फोटो 'शार्प'. या हिशेबात पैठणीचा जरीकाठ मऊ उजेडातल्या चेहऱ्यापेक्षा जास्त गुण मिळवतो. कमी उजेडात फोटोवर येणारे ठिपकेसुद्धा तपशील म्हणून मोजले जाऊ शकतात. चांगली सॉफ्टवेअर आधी चेहरा शोधतात आणि तेवढाच भाग तपासतात. पण हललेला फोटो बिघडलेला की त्या क्षणाची धांदल सांगणारा, हे त्यांनाही कळत नाही. दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैनिकांचे छायाचित्रकार रॉबर्ट कापा यांनी काढलेले फोटो हललेले आणि धूसर आहेत. पाण्यातून पुढे सरकणाऱ्या सैनिकाची भीती त्या धूसरपणातूनच आपल्यापर्यंत पोचते. नुसती स्पष्टता मोजणारं यंत्र ते पहिल्या फेरीतच बाजूला काढेल.

सारखे फोटो ओळखण्याच्या दोन रीती आहेत आणि त्यांतला फरक प्रत्येकाने समजून घ्यायला हवा. पहिल्या रीतीत फाइलचा प्रत्येक बाइट हिशेबात धरून तिचा एक ठसा काढतात. त्याला हॅश म्हणतात. दोन फायलींचे हॅश जुळले तर त्या एकच, व्यवहारात शंका उरत नाही. दुसरी रीत 'सारखे दिसणारे' फोटो शोधते. तिच्या एका प्रचलित प्रकारात फोटो लहान करत करत ९ गुणिले ८ अशा अवघ्या ७२ करड्या चौकोनांवर आणतात आणि शेजारच्या चौकोनांची तुलना करून ६४ खुणांचा एक आकडा बनवतात. दोन फोटोंच्या आकड्यांत फरक थोडा असेल तर फोटो 'डुप्लिकेट'. आता ७२ चौकोनांत काय मावतं? मांडव मावतो, माणसांचे ढोबळ आकार मावतात. मुलीची झुकलेली नजर मावत नाही, मामाचा उचललेला हात मावत नाही. माणसाला ज्या फरकासाठी फोटो हवा असतो, नेमका तोच फरक या पद्धतीत गळून जातो.

तिसरी गोष्ट सौंदर्याच्या गुणांची. कोणता फोटो 'छान', हे यंत्राला शिकवायचं तर आधी माणसांनी गुण दिलेले फोटो लागतात. या संशोधनात खूप वापरला गेलेला एव्हीए नावाचा संग्रह २०१२ मध्ये आला. त्यात अडीच लाखांहून अधिक फोटो आहेत आणि ते फोटोग्राफीच्या स्पर्धा घेणाऱ्या एका संकेतस्थळावरचे आहेत. गुण त्या संकेतस्थळावर येणाऱ्यांनीच दिलेले. २०१७ मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडलेली गुण देणारी प्रणालीही या संग्रहावर शिकली. गुण देणाऱ्यांचा यात काही दोष नाही. पण एका संकेतस्थळावरची पसंती उद्या जगभरच्या घरगुती अल्बमचं माप होणार असेल, तर आपण कुणाच्या डोळ्यांनी आपली माणसं पाहतो आहोत, हे विचारायला हवं.

हे डोळे सगळ्यांकडे सारखे पाहत नाहीत, हेही नोंदलं गेलं आहे. २०१० च्या सुमारास निकॉनच्या एका छोट्या कॅमेऱ्याने पूर्व आशियाई वंशाच्या माणसांचे डोळे उघडे असतानाही 'कुणी डोळे मिटले का?' अशी सूचना दिली आणि त्याची जगभर चर्चा झाली. २०१८ मध्ये जॉय ब्युओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक फार तर ०.८ टक्के होती. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ती ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली. त्यानंतर बऱ्याच सुधारणा झाल्या आहेत. पण सुधारणा होण्याआधीच्या वर्षांत ज्यांचे चेहरे अशा यंत्रांनी 'अस्पष्ट' म्हणून वगळले असतील, त्यांना कुणी कळवलेलं नाही.

आपल्याकडे तर मिटलेले डोळे हा दोष मानताच येत नाही. पंढरीच्या वाटेवर टाळ धरलेला वारकरी डोळे मिटतो. तान घेताना गायक मिटतो. देवापुढे हात जोडलेली बाई मिटते. नातवाच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटणारे आजोबा मिटतात. आपल्या आयुष्यातले सगळ्यात खोल क्षण आपण डोळे मिटूनच जगतो, आणि 'डोळे मिटलेले' हीच यंत्राची पहिली चाळणी आहे.

हे झालं चित्राच्या आतलं. फाइलच्या नावागावातले धोके आणखी मुकाट असतात. बहुतेक कॅमेऱ्यांत फाइलच्या नावातला आकडा चार अंकी असतो. ९९९९ नंतर तो पुन्हा ०००१ होतो. त्यामुळे एकाच कॅमेऱ्याच्या दोन वेगवेगळ्या फोटोंचं नाव तंतोतंत एक असू शकतं. सगळी कार्डं एका फोल्डरमध्ये ओतणारी एखादी घरगुती स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, नाव तपासायला विसरली, तर दुसरी फाइल पहिलीवर बसते. पडद्यावर काहीही दिसत नाही.

तारखेचंही तसंच. फोटो कधी काढला ही नोंद फाइलच्या आत असते आणि फाइल कधी कॉपी झाली ही नोंद बाहेर. बाहेरच्या तारखेवर विसंबलेली स्क्रिप्ट दहा वर्षांचे फोटो 'गेल्या मंगळवार'च्या फोल्डरमध्ये भरते. व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोंत आतली नोंद बहुधा उरलेलीच नसते. दोन कॅमेऱ्यांची घड्याळं पुढेमागे असली, तर सप्तपदी कन्यादानाच्या आधी लागते. काही व्हिडिओ फायली वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहितात. ती भारताच्या साडेपाच तास मागे असते, म्हणून पहाटे चारला काढलेली काकडआरती आदल्या दिवसात जाऊन पडते. रॉ आणि जेपेग अशा जोडीने साठवलेल्या फोटोंत मोठी रॉ फाइल 'जास्तीची प्रत' समजून काढून टाकणारेही मी पाहिले आहेत. उरतं ते जेपेग, म्हणजे मूळ निगेटिव्ह फेकून ठेवलेला प्रिंट.

या सगळ्या चुका दुरुस्त होण्यासारख्या आहेत. अट एकच, मूळ फाइल कुठेतरी शिल्लक हवी.

आणि इथेच मला सगळ्यात मोठा धोका दिसतो. निवडणं आणि पुसणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्या आयांनी ती कधी एक केली नाहीत. तांदूळ पाखडताना सुपाखाली कापड अंथरलेलं असतं. कोंड्याबरोबर चार चांगले दाणे उडाले तर ते कापडावर सापडतात आणि वेचून परत घेता येतात. स्वयंचलित छाटणी हे कापडच काढून घेते. निवड चुकली तर ती बदलता येते. पुसणं चुकलं तर चूक झाली हेही कळत नाही, कारण ज्या पुराव्यावरून ती कळणार होती तोच पुसला गेलेला असतो.

फोटोची किंमत काढण्याच्या दिवशी ठरत नाही. 'टाइम' साप्ताहिकाचे छायाचित्रकार डर्क हालस्टेड यांनी ऑक्टोबर १९९६ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या एका निधी-संकलन कार्यक्रमात अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन गर्दीतल्या एका तरुणीला जवळ घेत असल्याचा फोटो काढला. त्या दिवशी त्या फोटोत विशेष काहीच नव्हतं. १९९८ च्या आरंभी क्लिंटन यांच्याशी असलेल्या संबंधांवरून मोनिका लेविन्स्की हे नाव जगभर झालं, तेव्हा हा चेहरा आपण पाहिला आहे असं त्यांना वाटलं. त्यांनी माणूस बसवून जुन्या स्लाइड्सचे ढीग शोधायला लावले, आणि ती एक स्लाइड निघाली. पुढे ती 'टाइम'च्या मुखपृष्ठावर आली. त्या कार्यक्रमाला डिजिटल कॅमेरे घेऊन आलेल्या इतरांनी बिनमहत्त्वाच्या म्हणून आपल्या फ्रेम पुसल्या होत्या, असं हालस्टेड यांनी नंतर सांगितलं. त्या दिवसापुरता त्यांचा निर्णय बरोबरच होता.

तिकडच्या राष्ट्राध्यक्षांची गोष्ट दूरची वाटत असेल, तर सांगलीची घ्या. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. पाणी ओसरल्यावर ओळखीच्या एका किराणा दुकानदाराने मोबाइलवर दुकानाचे साठ-सत्तर फोटो काढले. प्रत्येक फळी, प्रत्येक पोतं आणि भिंतीवरची गाळाची रेघ. अंधारे, तिरके, एकमेकांसारखे दिसणारे फोटो. पुढे मोबाइल भरला. 'सारखे फोटो काढून जागा मोकळी करा' अशी सूचना आली आणि त्यांनी होकार दिला. तीन उरले. दीड महिन्याने नुकसानीच्या तपासणीत फळीवार फोटो मागितले गेले, तोपर्यंत मोबाइलच्या कचराकुंडीची मुदत उलटून गेली होती. यंत्राच्या हिशेबात साठ फोटो एकच होते. त्या माणसाच्या हिशेबात प्रत्येक फोटो वेगळ्या मालाचा होता.

मूळ फाइल हा पुरावाही असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलचा हॅश नोंदवावा लागतो. कायदा मूळ फाइलला इतकं महत्त्व देत असताना, आपण ती जागा वाचवण्याच्या एका सूचनेवर सोडून देतो.

माणसाने केलेली छाटणीही क्रूर असू शकते. अमेरिकेत मंदीच्या काळात ग्रामीण दारिद्र्याची नोंद करणारा सरकारी छायाचित्र विभाग १९३५ ते १९४३ या काळात रॉय स्ट्रायकर यांच्या हाताखाली होता. नापसंत निगेटिव्ह बाद करण्यासाठी ते काही वर्षं सरळ पंचने भोक पाडत. त्यांच्या छायाचित्रकारांना याचा संताप येई. आज त्या भोक पडलेल्या निगेटिव्ह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. छापल्यावर भोकाच्या जागी काळं वर्तुळ उमटतं, कधी आभाळात, कधी शेतकऱ्याच्या तोंडावर. अभ्यासक ती पाहतात आणि विचारतात: या माणसाने हा फोटो का नाकारला? त्याला काय दाखवायचं नव्हतं?

स्ट्रायकर यांच्या क्रूरपणातही एक गोष्ट शिल्लक राहिली. नाकारलेलं नाकारलेलं म्हणून दिसत राहिलं. निर्णय घेणाऱ्याचं नाव राहिलं. आजच्या पुसण्यात काळं वर्तुळ नाही आणि निर्णय कुणाचा हे सांगणारं नावही नाही. शंभर वर्षांनी आपल्या काळाकडे पाहणाऱ्याला आपण डोळे उघडे ठेवून, कॅमेऱ्याकडे बघत हसणारी माणसं दिसू. मधलं काही दिसणार नाही, आणि मधलं काही होतं याची खूणही नसेल.

मग सगळंच ठेवायचं का? नाही. सगळं साठवणं ही निवड टाळण्याची दुसरी रीत आहे. चाळीस हजार फोटोंच्या ढिगात आईचा एक फोटो सापडत नसेल, तर तो हरवल्यातच जमा आहे. शिवाय निवडताना छायाचित्रकार शिकतो. आपण घाईत कुठे बटण दाबलं, कुठे एक पाऊल पुढे जायला हवं होतं, हे आपल्याच टाकाऊ फ्रेम सांगतात. त्या न पाहता पुसल्या, तर पुढच्या लग्नात तीच चूक होते आणि ती झाकायला पुन्हा यंत्र असतंच.

माझं म्हणणं एवढंच आहे: यंत्राला क्रम लावू द्या, गट पाडू द्या, शिफारस करू द्या. पुसण्याचा अधिकार देऊ नका. हे प्रत्यक्षात आणणं अवघड नाही. कार्डावरून फायली उतरल्या की पहिलं काम दुसरी प्रत. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा छायाचित्रकारांत रुळलेला नियम पाळा. क्लाउडशी जोडलेला फोल्डर ही प्रत नव्हे, कारण इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. फाइलला नाव देताना तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याची खूण घाला, म्हणजे ०००१ दोनदा आला तरी भांडण होणार नाही. स्क्रिप्ट आधी शंभर फोटोंच्या नकलेवर चालवा आणि ती काय करणार आहे याची यादी वाचून मगच खऱ्या फोल्डरवर सोडा. आपोआप पुसायचंच असेल, तर फक्त हॅश तंतोतंत जुळलेल्या प्रती पुसा. 'सारखे दिसणारे' फोटो पुसू नका. नाकारलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, कारणासह, निदान वर्षभर राहू द्या.

व्यावसायिकांनी आणखी एक करावं. फोटो यंत्राने निवडले असतील, तर तसं यजमानांना सांगावं. त्यांच्या घरचा कोणता क्षण राहिला हे तेच ओळखू शकतात, पण विचारायला जागा आहे हे त्यांना कळलं तरच.

साताऱ्याच्या त्या फ्रेमचा आम्ही मोठा प्रिंट काढून दिला. तो त्यांच्या बैठकीच्या खोलीत लावलेला आहे. आता आमच्याकडे यंत्राने निवड केली की नाकारलेल्यांचा फोल्डर कुणीतरी माणूस बसून शेवटपर्यंत पाहतो. तासभर लागतो. दर वेळी त्यातून दहा-बारा फोटो परत येतात. तुमच्या संगणकावर, तुमच्या मोबाइलमध्येही असा एक फोल्डर आत्ता पुसला जाण्याची वाट पाहत असेल. रिकामा करण्याआधी तो एकदा स्वतः उघडा आणि शेवटपर्यंत पाहा.